किल्ल्याच्या बाजूची खुर्ची

रवि., ४ जाने. २०२६

पुन्हा मीच जिंकले. सन १८१८, आपला भुईकोट किल्ला, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास तो पुन्हा कंपनी सरकारकडे गेला. रफिकभाईंचं घोडदळ पेठेतून निघालं आणि माझ्या तोफांच्या तोंडाशी येऊन थांबलं. दरवेळी तिथंच थांबतं. मी म्हटलं, "घोडी उशिरा सोडलीत." रफिकभाई शिपाई कापसात गुंडाळून डब्यात ठेवत राहिले.

शाळेत किल्ल्याचं मॉडेल केलं होतं, त्याची पाटी रंगवायला आले होते ते. धंदा ट्रकच्या मागची अक्षरं रंगवायचा. पाटी रंगवून झाली आणि तिथंच बसून राहिले, "हे शिपाई हलवायचे कसे ओ बाई?" म्हणून. अकरा वर्षं झाली. मी रिटायर झाले, खेळ घरी आला, जेवणाच्या टेबलाला दोन बाकं जोडली. इंचभर उंचीचे सगळे शिपाई त्यांनीच रंगवलेत, मिशांसकट. आणि ते कायम किल्ल्याच्या बाजूला. तिकडं बसायला दुसरं कुणी तयार नसतं.

केतनचा फोन. माझा जुना विद्यार्थी, आता पुण्यात इंजिनिअर, तिथं असे खेळ खेळणारा ग्रुप आहे त्याचा. ८ फेब्रु.ला तिघांना घेऊन येतोय, आपला किल्ला खेळायला. मी खूश. मग म्हणाला, "बाई, नियम मात्र आमच्या पुस्तकातले हं. तुमच्या वहीतले नकोत."

मंगळ., ६ जाने.

के.नं पाठवलेलं पुस्तक झेरॉक्स करून आणलं. इंग्लंडचं, लाल मुखपृष्ठ. एकोणिसाव्या शतकातल्या साम्राज्याच्या सगळ्या लढायांसाठी म्हणे. दुपारभर वाचलं.

देशी सैन्य म्हणजे "टोळी". सगळ्या जगातलं, सरसकट. अहो, कवायती पलटणी होत्या त्या, स्वतःच्या तोफा होत्या त्यांच्याकडे. टोळी कसली? आणि टोळीला हिमतीच्या, म्हणजे टिकायचं की पळायचं ठरवणाऱ्या, प्रत्येक फाशात उणे एक. का, ते लिहिलेलं नाही. लेखकाला ते इतकं उघड वाटलं असावं.

खरी गंमत पुढं. टोळीच्या बाजूला खेळाडूच लागत नाही. पत्त्यांचा गठ्ठा असतो. पत्ता उलटायचा, त्यावर असेल तसं टोळीनं वागायचं. धावा. लपा. गोंधळा. खेळाडू सगळे एकाच बाजूला, गोऱ्यांच्या.

म्हणजे रफिकभाईंना खुर्ची नाही.

आमचे हे म्हणाले, "खेळ तर आहे, एवढं काय." भाजी करपली. करपू दे.

शुक्र., ९ जाने.

रफिकभाईंच्या वर्कशॉपवर गेले, होटगी रोडला. एका टँकरवर "आईचा आशीर्वाद" चाललं होतं. सांगितलं सगळं, पत्त्यांचंसुद्धा. मला वाटलं चिडतील. ब्रश पुसत म्हणाले, "बरंय की. मी बाजूला बसून बघतो. कुणाचा रंग उडाला असेल तर तेवढा करून ठेवतो."

असं बोलले की मला जास्त राग येतो. भांडा ना. मी एकटीनं किती भांडायचं?

रवि., ११ जाने.

न खेळता नावं ठेवली असं नको, म्हणून ला.पु. (लाल पुस्तक) खेळून पाहिलं. मी कंपनी, समोर गठ्ठा. र. स्टुलावर, बाजूला. गड्डा यात्रेच्या गर्दीतून वाट काढत आले बिचारे, आणि कशाला, तर हे बघायला.

तिसऱ्याच पत्त्याला घोडदळानं आपल्याच पेठेच्या भिंतीवर चाल केली. र. हसले. नंतर पायदळाला लागोपाठ दोनदा "गोंधळा" आलं. तेव्हा हसले नाहीत. चारला उठले, घरी काम आहे म्हणाले. इतक्या वर्षांत खेळ अर्धा टाकून पहिल्यांदा गेले.

बुध., १४ जाने.

संक्रांत. र. तिळगूळ घ्यायला आले, पाच मिनिटं टेकले, टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसरं एक मागवलेलं पुस्तक आलंय, निळं. ते न्यायानं वागवतं, दोन्ही बाजूंना सारखं. पण एकेका शिपायाचा फासा वेगळा. माझ्या हिशोबानं पेठ घ्यायलाच दोन रविवार लागतील. ते बाद.

म्हणजे राहिली आपली वही. मग वहीच. पुण्याच्या लोकांना स्वच्छ अक्षरात लिहून देते. बघू कोण नाही म्हणतं.

रवि., १८ जाने.

आज फार वाईट झालं. नीट लिहिते, म्हणजे पुढं मलाच सारवासारव करता येणार नाही.

वही उतरवून काढत होते. आमची जमीन म्हणजे हिरवी चादर, चौकोनांची, चाटी गल्लीतून मुद्दाम बघून घेतलेली, कारण चौकोन बरोब्बर दोन इंचांचा. म्हणून नियम असा: चाल चौकोनांवर मोजायची. घोडदळ एका डावात आठ चौकोन, म्हणजे सोळा इंच. तोफेचा पल्ला मात्र टेपनं, तीस इंच, कारण मधे घरं येतात आणि चौकोन दिसत नाहीत. म्हणजे घोडदळ दोन डावांत तोफेवर पोचायलाच पाहिजे. बत्तीस इंच.

पुण्याच्या लोकांसाठी आकृती काढावी म्हणून चौकोनावर पट्टी ठेवली. पावणेदोन इंच.

दहा चौकोन मोजले. सगळे पावणेदोन. ह्यांना विचारलं, चादर कशी धुता? "पाणी आलं की मशीनला लावतो. गरम पाण्यात. डाग जात नाहीत ना त्याशिवाय." चादर आटली. टेप कसला आटतोय.

आठ चौकोन म्हणजे आता चौदा इंच. दोन डावांत अठ्ठावीस. दोन इंच कमी. तोफांच्या तोंडाशी. आणि तिथं उभ्या घोडदळावर माझी आणखी एक फैर.

किती वर्षं, देव जाणे. त्या माणसाला मी दर रविवारी शिकवत आले की घोडी लवकर सोडा.

सोम., १९ जाने.

वर्कशॉपवर जाऊन र.ना सांगून टाकलं. ह्यांचं मत, कशाला सांगतेस, गुपचूप नवी चादर आण. असलं मला जमत नाही.

र.नी पट्टी मागितली. चादर मी पिशवीत घालून नेलीच होती. त्यांनी स्वतः मोजली, दोन ठिकाणी. मग म्हणाले, "मला वाटायचं आपल्याला डोकं कमी हाय. घरी जाऊन विचार करायचो बाई. रात्रीचं जेवण जायचं न्हाय." आवाज चढवला नाही. चादर घडी करून दिली.

मी माफ करा म्हटलं. ते "हां हां" म्हणाले. त्यात मन नव्हतं.

रवि., २५ जाने.

र. आले नाहीत. फोन उचलला नाही.

रडले थोडी. लिहायला काय लाज.

के.चा फोन आला. त्याला चादरीचं सांगितलं, तर हसायला लागला. म्हणाला, "बघा बाई, म्हणून छापील नियम बरे. आणि तसंही इतिहासात ते हरलेच की. सरदार पडला, माणसं पांगली, सीना नदीपर्यंत पाठलाग झाला. तुम्हीच शिकवलंय."

मी म्हटलं, "हरले हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी त्यांना माहीत नव्हतं. ते विचार करत होते, केतन. घोडी कुठून काढायची, तोफ कुठं लावायची. तुझा गठ्ठा विचार करत नाही. आमची चादर चुकली, ती मी फेकून दिली. तुझं पुस्तक चुकलंय आणि तू ते घेऊन पाचशे किलोमीटर ये-जा करणार आहेस."

तो म्हणाला, बाकीच्या तिघांना हेच नियम येतात.

"मग शिकतील. दहावीला तुला नकाशा भरता येत नव्हता. शिकलास ना?"

वहीतले नियम, नाहीतर टेबल नाही. फोन मीच ठेवला. बरं वाटलं.

गुरु., २९ जाने.

के.चा मेसेज. "येतो. वही पाठवा." खाली हसरा चेहरा टाकलाय. तो ठेव तुझ्याकडे.

पण किल्ल्याकडून खेळणार कोण? मी खेळू शकते. खेळणार नाही. ती जागा माझी नाही.

रवि., १ फेब्रु.

सकाळी दहाला बेल. र. दारात, चप्पल न काढता. "नियम आधी मी वाचणार. सगळे. मग ठरवतो."

बसले. वही मोठ्यानं वाचली, बोट ठेवून, पानभर मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो. सगळी मापं आता टेपनं. उणे एक कुठंच नाही. एका ओळीवर थांबले: बाजूचा सरदार पडला तर फासा टाकायचा, तीनच्या खाली आला तर निम्मं सैन्य पांगतं. मी घाईनं म्हटलं, "ते दोन्ही बाजूंना आहे. पण तुम्ही म्हणाल तर काढते."

"काढू नका. खरंय ते." चष्मा पुसला. "ज्याच्यासाठी लढायचं तो पेशवाच पळालेला. वर सरदार पडला. माणूस जाईल नाही तर काय. पण समदेच जातील असं न्हाय की बाई. काही थांबले असतील. ते फाशानं ठरू द्या, पुस्तकानं नको."

मग म्हणाले, येतो ८ तारखेला. मी आत जाऊन उगीच पाणी प्यायले.

चादरीवरून अजून रागावलेत का, विचारलं. "हाय की," म्हणाले. "राग हाय. राहणार थोडे दिवस."

रवि., ८ फेब्रु. दुपार

सगळे जेवताहेत. मी स्वयंपाकघरात उभ्यानं लिहितेय.

के. आणि तिघे साडेदहाला आले. त्यातला एक, चेक्सच्या शर्टवाला, पिशवीतून गठ्ठा काढून म्हणाला, "असू दे जवळ, कंटाळा आला तर." मी तो फ्रिजवर ठेवला. किल्ल्याच्या बाजूला आमची हातांची खुर्ची ठेवली होती. र. इस्त्रीचा शर्ट घालून आले, बसले. चौघांविरुद्ध एक.

पेठेची वेस गेली. घोडदळ त्यांनी सोडलंच नाही, दोन तास. चेक्सवाला कुजबुजला, "यांना जमत नाहीये वाटतं." मग कंपनीच्या तोफा पुढं सरकल्या आणि र.नी टेप मागितला. सोळा. पुढच्या डावात सोळा. दोन तोफा गेल्या. घोडी थेट तोफांवर. के. उभा राहिला.

त्याच डावात र.च्या सरदाराला गोळी लागली.

आता फासा. तीनच्या खाली आला की निम्मे पांगणार, आणि मग किल्ला जातोच. तेवढ्यात ह्यांनी पानं वाढली म्हणून हाक मारली, भाकरी गार होतात. सगळे उठले. के. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, त्यांना एक अधिक देऊ का? इतकं छान खेळले." मी म्हटलं, खबरदार.

र. उठले नाहीत. भूक नाही म्हणाले. फासा समोर, ते त्याच्याकडे बघत.

आत्ता चेक्सवाला हात धुऊन परत गेला. दारातून दिसतंय मला. त्याला सवय, त्यांच्या खेळात गठ्ठ्याच्या बाजूचा फासाही हेच लोक टाकतात. "मी टाकतो, काका," म्हणत त्यानं हात पुढं केला.

र.नी फाशावर तळहात ठेवला.

"थांबा. अजून माझा विचार चाललाय."