मानलेला भाऊ नको

॥ श्री ॥
जामखेड, २८ जुलै २०२५

ती. सौ. मालन वहिनींना ज्ञानेश्वरीचा नमस्कार, वि. वि.

चटणी पोचली. फोनवर सगळं बोलता येत नाही, कारण माझ्या घरमालकीणबाई आमच्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकांच्या मावसबहीण लागतात आणि त्यांचे कान भिंतीलाच असतात. म्हणून पत्र.

व्यवस्थापक साहेब मे महिन्यापासून मला काम शिकवतात. इतकी वर्षं करतेय तेच काम, पण शिकवताना त्यांना माझ्या पाठीवर हात ठेवावा लागतो. गेल्या महिन्यात कपाटाच्या खोलीचं दार लोटून त्यांनी कमरेला धरलं. मी ढकलून बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली. भिंतीवर महिला तक्रार समितीचा फलक आहे. समितीच्या प्रमुख आमच्या अध्यक्षांच्या पत्नी. आपण त्या समितीवर आहोत हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. सरबत मात्र चांगलं दिलं.

निकाल अध्यक्षांनीच लावला. राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांसमोर साहेबांना राखी बांधायची, फोटो काढायचा, तक्रार मागं घ्यायची. नाहीतर माझी बदली अकोले शाखेत, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथली हवा चांगली आहे म्हणे. दादाला फोन केला आणि त्यानं होकार दिला, असं अध्यक्ष सांगतात. वहिनी, हे खरं आहे का? तोच हो म्हणाला असेल, तर मी कुणाच्या जिवावर नाही म्हणू?

लोभ उरला असेल तर लवकर लिहावं.

तुमची ज्ञानेश्वरी


॥ श्री ॥
तिसगाव, १ ऑगस्ट

चि. ज्ञानेश्वरीस मालन वहिनीचे आशीर्वाद.

खरं आहे. बांधावरचं भांडण मिटवावं तसं तुझ्या दादांनी एका फोनात मिटवलं आणि वर चहा मागितला. ज्ञानूला विचारलं का, असं मी म्हटलं. तर म्हणाले, तिला काय इचारायचं, तिच्याच भल्याचं हाय. तुझ्या भल्याचं तुला सोडून सगळ्यांना कळतं, हे आपल्या घरचं जुनंच.

चहा दिला. मग म्हटलं, भाऊ वाढला हे बरंच झालं. भाऊबीजेला त्यांना बोलवू, पाटावर तुमच्या शेजारी बसवू. आजारी पडले तर पेज मी करून नेईन. आणि भाऊच म्हटल्यावर सातबाऱ्यावर नाव नको का लावायला? तेवढ्यावर कप हातातच राहिला. बहिणीच्या कमरेवरून थांबला नव्हता, जमिनीवरून थांबला.

मी दरवर्षी राखी आधी देवापुढं ठेवते, मग तुझ्या हातात देते. ही राखी देवापुढं काय सांगून ठेवू? चोराला साव ठरवायचं काम माणसांनीच करावं, देवाला त्यात ओढू नये.

तू बांधू नकोस. अंगणवाडीच्या आरतीताईंना मी नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, दहापेक्षा कमी माणसं असली की तक्रार नगरला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं द्यायची, तीन महिन्यांच्या आत. तुम्ही सातजण. म्हणजे तुमचा फलक तपासणीला आलेल्या साहेबापुरता. मी येते बरोबर. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, देवदर्शनाला पुष्कळ वापरलं, एकदा यालाही वापरू. भाकरी मी आणते. नगरच्या हॉटेलाचं भलं करायला आपण जात नाही.

माझ्यावरचा लोभ आहे तसा ठेव. दादांवरचा चार दिवस आवरता घेतलास तरी चालेल.

तुझी वहिनी


॥ श्री ॥
जामखेड, १० ऑगस्ट

ती. सौ. वहिनींना साष्टांग नमस्कार, वि. वि.

ताट सजलं होतं, फोटोवाला आला होता, साहेब नवा सदरा घालून हात पुढं करून बसले होते. अध्यक्षांनी बहीणभावाच्या पवित्र नात्यावर भाषण केलं. ते लांबलं, कारण मी जागची उठतच नव्हते. शेवटी माझं नाव पुकारलं. उभी राहून एवढंच म्हणाले, "मला सख्खा भाऊ आहे. साहेबांनी भाऊ होऊ नये, हात आवरावा."

झाडलोट करणाऱ्या रतनबाई ताट धरून उभ्या होत्या. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मागल्या वर्साला मी बांधली हुती. फोटू बी हाय. दिवाळीपस्तोर बी टिकलं न्हाई ह्यांचं भाऊपन."

वहिनी, मला वाटत होतं हा तोडगा माझ्यासाठीच काढलाय. हा तर संस्थेचा वार्षिक सण निघाला. अध्यक्षांनी आधी फोटोवाल्याला बाहेर काढलं. संध्याकाळी बदलीचा कागद माझ्या हातात. रतनबाईही नगरला यायचं म्हणतात, स्वतःची तक्रार घेऊन; त्यांना अजूनही त्रास आहेच. दोन भाकरी जास्त आणाल?

तुमच्या लोभावरच सध्या पाय टेकून आहे.

ज्ञानेश्वरी


॥ श्री ॥
तिसगाव, २२ ऑगस्ट

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद. रतनबाईंना नमस्कार सांग.

आपण तिघी तक्रारी द्यायला गेलो तेव्हा नगरच्या समितीच्या बाईंनी दिलेला शब्द पाळला. तुझी बदली तूर्त थांबवावी असं त्यांनी संस्थेला कळवलं आणि सुनावणीची नोटीसही धाडली. ती पोचल्याचं आम्हाला लगेच समजलं, कारण अध्यक्षांचा फोन आला. मी उचलला, तर म्हणाले, घरातल्या पुरुषमाणसाला द्या.

पुरुषमाणूस गोठ्यात होतं. हात शेणाचे, म्हणून फोन मीच त्यांच्या कानाला धरला, आणि म्हणून सगळं मलाही ऐकू आलं. फोनवर कुणाला नाही म्हणणं यांना आजवर जमलेलं नाही. अध्यक्ष आपल्या घराण्याची अब्रू, तुझं लग्न, लोक काय म्हणतील, असं बोलत राहिले. आपली एवढी काळजी करणारा माणूस जामखेडात आहे आणि आपल्याला पत्ताच नाही.

तुझे दादा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मला इचारू नका. तक्रार तिची हाय, तिला इचारा. मी येनार हाय सुनावणीला, तिच्या बाजूनं."

मग मला फोन ठेवायला सांगितला आणि म्हशीशी बराच वेळ बोलत बसले. माझ्याशी बोलायला अजून लाजतात. तुला स्वतःहून फोन करतील असं वाटत नाही, म्हणून मी कळवते.

सुनावणीला तुझ्या शेजारची खुर्ची मात्र माझी. ते बसतील मागं.

लोभ वाढवावा, भीती कमी करावी.

तुझी मालन वहिनी