खिंडीवरचा बर्फ आणि तिसरा अभिप्राय

टण्... टण्-टण्... टण्. (मधल्या ठोक्यानंतर घंटा जरा थांबायची, कारण पुस्तकांची ती घोडी पुढच्या डाव्या पायाने लंगडायची. आठवलं?)

प्रिय शेयशेन यास,

वरच्या आळीतल्या ओमुरालीचा सलाम. पत्राच्या आरंभी गुराढोरांची खुशाली विचारायची आपली रीत. पण तू पडलास बिश्केकच्या सातव्या मजल्यावर, तेव्हा तुमच्या इमारतीची लिफ्ट धडधाकट आहे ना? वहिनींचा रक्तदाब, तुझे दोन्ही गुडघे, नातवंडांची पोटं, सगळं जागच्या जागी असो. इकडे तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. सुनेने तिचं नाव मला न विचारता ठेवून टाकलं. (मी सुचवलेलं नाव चार ओळींचं होतं, हे खरं.)

एवढं लिहिण्यापेक्षा फोन का केला नाहीस, असं तू म्हणशील. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तर ती घंटा. परवा ग्रंथालयाच्या ओसरीवर बसलो होतो आणि कुणाची तरी शेळी गळ्यातली घंटा वाजवत गेली. झालं! मी तिथून उठून थेट अठ्ठावन्न वर्षं मागे गेलो. उन्हाळी कुरणावर आपले तंबू, खाली ओढा, आणि वळणावरून पुस्तकांची घोडी वर येतेय. तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पुस्तकांनी फुगलेल्या लोकरीच्या पिशव्या, आणि लगाम धरून सायरा आपा. (आपल्या वर्गातली निम्मी पोरं सायरा आपांच्या प्रेमात होती, उरलेली घोडीच्या. तू घोडीच्या.) आपांचा नियम कडक होता : घेतलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर अभिप्राय लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळायचं नाही. कुणी लिहायला कचरला, तर म्हणायच्या, "मेंढीबद्दल तासभर बोलतोस ना? मग यावर दोन ओळी लिही."

आणि काय एकेक लिहायचे रे लोक! पाचशे पानांच्या त्या प्रेमकथेवर तोकोश मेंढपाळाच्या बापाने लिहिलं होतं : 'नायक तीन दिवस घोड्याचं खोगीर उतरवत नाही. असल्याला मुलगी देऊ नये.' खाली त्याच्याच बायकोचा अंगठा आणि कुणाकडून तरी लिहवून घेतलेली ओळ : 'दिली असती.' मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकावर : 'सगळं बरोबर आहे, पण आमच्या माश्यांनी हे वाचलेलं नाही.' दर्यावर्दी माणसाच्या प्रवासावर, गावात कुणीच समुद्र पाहिलेला नसताना, नुसतं 'पाणी फार.' एका खुनाच्या कादंबरीत पहिल्याच वाचकाने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं; त्याखाली अकरा जणांनी अकरा शिव्या लिहिल्या, तरी सगळ्यात जास्त फिरलं तेच पुस्तक. आणि ट्रॅक्टर दुरुस्तीच्या पुस्तकावरचा तो अभिप्राय मला पाठ आहे : 'शेवटी चालू होतो. डोळ्यांत पाणी आलं.' एवढा मोठा समीक्षक आपल्या शेतकी संघात तेलाचे डबे उचलत होता!

असो. मी भरकटतो, हे तुला ठाऊक आहे.

आता संकट ऐक. ग्रंथालयाची मागची खोली गुरांच्या डॉक्टरला मिळाली आहे. म्हणजे निम्मी कपाटं जाणार. आपली ग्रंथपाल नुरझात, पोरगी हुशार पण नियमाने चालणारी. तिने ठरवलं की ज्या पुस्तकात निदान तीन हयात वाचकांचे अभिप्राय असतील ते राहील, बाकीची रद्दीत. मी घाईघाईने 'क'च्या कपाटाशी गेलो. केरिमबाय मास्तरांचं पुस्तक! आपल्या मास्तरांचं एकुलतं एक, हिरव्या पुठ्ठ्याचं, बत्तीस पानांचं. जगात दुसरी प्रत कुठे आहे की नाही, कोण जाणे. मागचं पान उघडलं, तर एकच अभिप्राय. कुठला ते तुला आठवत असेलच. ज्या कवितेसाठी मास्तर आपल्याला खिडकीशी उभं करायचे, तिच्यावरचा :

खिंडीवरल्या बर्फा, थोडा थांब, नको जाऊ इतक्यात,
तू वितळलास की माझी पोरं निघून जातात कुरणात.

आणि त्यावर शाईत : 'बर्फ राहिला तर गवत कुठून येणार? मास्तरांना गुरांतलं काही कळत नाही.' खाली तुझं नाव, इयत्ता सातवी. (आता त्याचं काय एवढं? पोरवय होतं.)

एका अभिप्रायावर पुस्तक वाचणार नव्हतं. मग मी तेच केलं जे कुठलाही शहाणा माणूस करेल. पुस्तक कोटाखाली घालून घरी नेलं, तीन पेनं घेतली आणि तीन माणसांच्या नावाने तीन अभिप्राय लिहिले. एक पोस्टमनचा, उजव्या हाताने. एक शाळेतल्या स्वयंपाकिणीचा, डाव्या हाताने. एक बुरुल आजीचा, डोळे मिटून. बुरुल आजी माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट होती : भिंतीशी उन्हात बसलेली, अंगावर दोन कोट, तरी म्हणतेय थंडी वाजते. लिहिलं : 'मी रोज उन्हात बसून या कविता वाचते. जिवाला ऊब येते.' तारीखही घातली, गेल्या मंगळवारची.

शुक्रवारी नुरझातने सगळ्यांना अंगणात बोलावलं. प्रत्येक पुस्तकाचे अभिप्राय मोठ्याने वाचायचे आणि हयात वाचकाने हात वर करायचा. ट्रॅक्टरवर हात वर झाले. खुनाच्या कादंबरीवर तर लोकांनी दोन-दोन हात वर केले. परदेशी पाककृतींच्या पुस्तकावरून भांडण जुंपलं, कारण स्वयंपाकीण म्हणाली, यातला एक पदार्थ करायला नऊ भांडी लागतात, लिहिणाऱ्या बाईला घासायला येऊ दे आधी. मग हिरवं पुस्तक आलं. नुरझातने ताज्या अभिप्रायांपासून सुरुवात केली : 'या कविता वाचून माझ्या सायकलीला पंख फुटले. पोस्टमन.'

"सायकल?" पोस्टमन म्हणाला. "माझी सायकल चोरीला जाऊन चार वर्षं झाली!"

"तेच, पंख फुटले," कुणीतरी मागून बोललं.

नुरझातने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. तिने पुढचं वाचलं : 'या कविता मंद आचेवर शिजल्या आहेत. स्वयंपाकीण.'

"मी? मंद आच?" ती कडाडली. "दोनशे पोरं ताट घेऊन उभी असतात दारात! कुणी लिहिलं हे माझ्या नावाने?"

मी कानापर्यंत टोपी ओढली. आणि तेवढ्यात तिसरा अभिप्राय वाचला गेला, तारखेसकट.

शेयशेन, बुरुल आजी मार्चमध्येच गेली रे. मी तिच्या मयतीला होतो. माती टाकली, तिच्या नावाचं जेवून आलो, आणि विसरलो. माझ्यासाठी ती अजून त्या भिंतीशीच बसलेली. आता हे सगळे मला ओढ्यात बुडवणार, असं वाटलं. पण आजीची सून कानीम उठली, डोक्याच्या रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाली, "आई उन्हात बसून वाचते म्हणाली? म्हणजे तिकडे ऊन आहे! बाई गं... जन्मभर थंडी वाजायची तिला."

मग कुणी सायकलीचा विषय काढला नाही, कुणी आचेचा. सगळ्यांनी दुवा मागून तोंडावरून हात फिरवले. गेलेल्या माणसाने आठवण केली म्हणजे तेल तापलंच पाहिजे; वास वर पोचल्याशिवाय त्याचा जीव निवत नाही. ग्रंथालयाच्या अंगणात कढई चढली. ज्या स्वयंपाकिणीने मला शिव्या दिल्या, तीच बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळायला बसली. (मोठ्या आचेवर.) आणि कानीम म्हणाली, "नुरझात, आई जे वाचते ते वाच ना आम्हाला."

नुरझातने बर्फाची कविता वाचली. वाचून झाल्यावर तोकोश मेंढपाळ, म्हणजे खोगीरवाल्याचा मुलगा, बोरसोक चावत म्हणाला, "पण बर्फ राहिला तर गवत कुठून येणार?" मला ठसका लागला. अठ्ठावन्न वर्षांनी तेच वाक्य! पण कानीम म्हणाली, "गवताचं कुठे बोलतोय तो, गाढवा? पोरं जातात म्हणून बोलतोय." तोकोशचे तिन्ही मुलगे मॉस्कोत आहेत. धाकटा पाच वर्षं आला नाही. तो चावायचा थांबला. मग तळहात विजारीला पुसून त्याने पेन मागितलं आणि लिहिलं : 'बर्फाने थांबावं. गवताचं मी बघतो.'

कानीमनेही एक ओळ लिहिली. ते दोन खरे अभिप्राय. माझे तिन्ही नुरझातने पट्टी ठेवून खोडले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजोबा, तुमच्या हातचं एक अक्षरही मला यात नको. पुढच्या शनिवारपर्यंत तिसरा हवा." मग तिने जुनी, शाईतली ओळ बोटाने दाखवली. "हे शेयशेन आजोबा हयात आहेत ना? त्यांनी 'हा माझा' म्हटलं तर हा तिसरा. वाईट अभिप्रायसुद्धा अभिप्रायच." तिने तुझा नंबर मागितला. मी म्हटलं, आठवत नाही. (सुनेला आठवत असणार. तिला सगळ्यांचे नंबर आठवतात.)

तर अशी इकडची खुशाली. तेलाचा वास माझ्या कोटाला अजून येतो. वहिनींना सलाम, नातवंडांना पापे.

तुझा, एका बाकावरचा,
ओमुराली

ता. क. खरं काम राहिलंच. नुरझातचा फोन आला, तर एवढंच म्हण : 'हो, तो अभिप्राय माझाच.' पुस्तक वाचेल. तुझं काय जातंय?

दुसरा ता. क. वरचा ता. क. वाचू नकोस. चहा पिऊन आलो, बाहेर ती शेळी पुन्हा घंटा वाजवत गेली. शेयशेन, तो अभिप्राय मी लिहिला होता. वसंताच्या सणाला खिडकीशी उभं राहून ती कविता कोण म्हणणार, हे ठरायचं होतं, आणि तू माझ्यापेक्षा चांगली म्हणायचास. मास्तरांनी ते पान वर्गात वाचलं, हसले, आणि सणाला माझं नाव सांगितलं. तू एकदाच म्हणालास, 'मी नाही लिहिलं,' आणि मी, तुझ्याच शेजारी बसलेला, पाटीकडे बघत राहिलो. मास्तरांनी पुढे एक ओळ छापली नाही. तू पूल बांधायला गेलास आणि जन्मभर सांगत राहिलास की कविता आपल्याला कळत नाही. कळायची रे तुला. तेव्हा नुरझातला सांग, तो माझा नाही. आणि जमलं तर, गुडघे परवानगी देतील तर, ये आणि तुझा स्वतःचा लिही. कसाही लिही. मी पेन देऊन बाहेर उभा राहीन.

तिसरा ता. क. हे पाकिटात घालत होतो तेवढ्यात फाटकाशी बस थांबली. कुत्रा भुंकला आणि मग गप्प झाला. तो फक्त ओळखीच्या माणसाला गप्प होतो. सून ओरडतेय, "बाबा, बघा कोण आलंय! आत्ताच्या बसने!" मागून नुरझातचं हसणं. आणि ओसरीवर कुणीतरी खोकतंय. तो खोकला मी सातवीपासून ओळखतो.

तू बूट काढतोयस. गुडघ्यांमुळे तुला वेळ लागतो, म्हणून ही ओळ लिहायला सवड मिळाली. पत्र उशीखाली सारू की तुझ्या हातात देऊ? एक बूट पडल्याचा आवाज आला. दुसरा पडेपर्यंत ठरवायचंय.

पडला.

ये, शेयशेन. आत ये. तुझं एक पत्र आलंय.