तिसरी नळी

३ तारीख
आईला फोन करून सांगितलं, लेक एकदाची नोकरीला लागली. प्रयोगशाळा लहान, पण लखलखीत. इथे कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करतात. नळीतून मिनिटाला किती वायू सोडायचा हे ठरवणारे कंट्रोलर माझ्या ताब्यात. पहिल्या नळीत कार्बन डायऑक्साइड, दुसरीत हायड्रोजन, तिसरी बंद. जुने ऑपरेटर काका म्हणाले, वायू म्हणजे नवा जावई. लाड केले तर डोक्यावर बसतो, हात आखडला तर रुसतो. मी खूप हसले. प्रमुख बाई हसल्या नाहीत. काकांना दमा आहे. बोलता बोलता दोनदा अडखळतात, मग लांब श्वास घेतात.

६ तारीख
तिसऱ्या नळीचा व्हॉल्व्ह बंद, सिलिंडर जोडलेला नाही, तरी आकडा हलतो. चढतो, उतरतो, मिनिटाला चौदा वेळा. काका म्हणाले, तिकडे बघूच नकोस. या जागेवर माझ्या आधी असलेली मुलगी गेली तेव्हापासून हे चालू आहे म्हणे. ती भरदुपारी घरी निघाली, पण फाटकातून जाताना तिला कुणी पाहिलं नाही.

९ तारीख
जेवढा कार्बन आत सोडते, त्याहून जास्त इंधनातून बाहेर निघतो. तीनदा तपासलं. मग तिसरीचा आकडा धरून पाहिला आणि ताळा चोख जमला. म्हणजे वायू खरा आहे. नळी सरळ भिंतीत जाते. बाईंना कागद दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे? मी काकांचं नाव घेतलं.

१० तारीख
काका आले नाहीत. बाई म्हणाल्या, निवृत्त झाले. चौथी नळी बसवली आहे. तिचा आकडा दोनदा अडखळतो, मग लांब चढत जातो.
मी नाव घ्यायला नको होतं.

११ तारीख, दुपार
बाई जेवायला गेल्या. पान्याने चौथीचा सांधा सोडवला. आतून उबदार, ओलसर हवा. नळीशी तोंड नेऊन म्हटलं, काका, मी आहे. हवा थांबली. मग भराभर, एकामागून एक— मी भिंतीवर थापा मारल्या. पलीकडून कुणीतरी—
फोन लागत नाही. दार बाहेरून बंद.

नंतर
पाचवा कंट्रोलर. चालू आहे. मी श्वास रोखला, आकडा शून्य. सोडला, चढला. पुन्हा रोखला—
दाराच्या काचेपलीकडे बाई. तिकडून पाचवीचा आकडा खाली आणतायत. एकेक, जपून—
आत घेता येतोय. सोडता