पाळण्याखालचा तवा

१२ जाने.
पिण्याच्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय. संडासची बादली भरली, ह्यांना दोनदा सांगितलं. मीटिंग आहे म्हणे. मीच ओतून आले. पाण्याऐवजी वर टाकतात तो भुसा हाताला लागला. जेवण गेलं नाही.
पार्सिपनीचा चांगला फ्लॅट सोडून ह्यांना व्हरमाँटच्या जंगलात कापडी घरात राहायचंय. यर्ट म्हण, म्हणतात. तंबूच तो.

१४ जाने.
तांदळात उंदराच्या लेंड्या. सगळा फेकला. सईच्या गादीला खालून काळी बुरशी, बुळबुळीत. पाच महिन्यांचं लेकरू त्यावर निजवते मी. शी.
हे म्हणतात, "तुझ्या कुकरच्या वाफेनं होतं."
म्हणजे भातपण नको.

१५ जाने.
सईला सर्दी. आई फोनवर, "ओव्याची धुरी दे गं, आंघोळ झाली की रोज." चुलीतले निखारे तव्यात घेतले, वर ओवा, लसणाची सालं. तर भिंतीवरचं यंत्र कोकलायला लागलं. विषारी वायू साचला की वाजतं ते. हे मीटिंगमधून तणतणत उठले, त्यातला सेल काढून खिशात टाकला. "दे आता निवांत."

१८ जाने.
थंडी हाडात जाते. धुरी झाली की तवा तसाच पाळण्याखाली सरकवते, ऊब राहते. तंबूच्या छताला मधोमध भोक आहे, त्याचं झाकणपण लावून घेतलं.
डोकं ठणकतंय सकाळपासून. ह्या घाण वासानंच.

२० जाने.
काल लिहिलं नाही.
सई दूध ओढेना. मान टाकली. हाक मारली तर डोळे उघडून परत मिटले. मी उठले तर पायच नाहीत. हे बाहेर गाडीवरचा बर्फ काढत होते. तंबूची मालकीण, खालच्या घरातली म्हातारी, अंडी घेऊन आली. यंत्राकडे बघितलं, सईला उचललं, बर्फात नेलं. "आउट, आउट." मी अनवाणी मागे. गार हवा लागली तशी पोर रडली.
हॉस्पिटलात दिवसभर ऑक्सिजन. आता बरी आहे. डॉक्टरनं विचारलं, "स्टोव्ह?" चुलीलाच म्हणतात इथं. हे येस म्हणाले. मीपण मान हलवली.

२१ जाने.
म्हातारीच्या घरात आहोत. कपडे घ्यायला वर तंबूत गेले, तवा पाळण्याखालीच. राख बर्फात ओतली, तवा घासून ठेवला. मलाच माझी किळस आली.
हे म्हणाले, "चूलच फुटकी आहे तिची. केस करतो. शनिवारी पार्सिपनीला परत जाऊ, बस?"
सेलचं एक अक्षर नाही.

२२ जाने.
म्हातारी सकाळपासून वर, चुलीचं नळकांडं काढून बसलीय. हात कोपरापर्यंत काळे. खाली आली, मला म्हणाली, "नथिंग," आणि रडायला लागली.
मी तिला चहा दिला.
तव्याचं सांगितलं तर हे म्हणतील, चूल चांगली आहे ना, मग राहू इथंच. सईला परत त्या बुरशीवर निजवायचं.
हे टेबलावर केसचे कागद भरतायत. आत्ता विचारलं, "धुरी किती वाजता दिली होतीस त्या दिवशी?"
आठवून सांगते म्हटलं.