दगडावरची सातवी ओळ

मी, शेवंताबाई, कै. पुना निकुंभ यांची विधवा आणि कै. सुपडू गणा देवरे यांची मुलगी, वय ७४, शिवणकाम शिक्षिका, आता निवृत्त, राहणार कुंभारगव्हाण, ता. चोपडा, जि. जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या पेनाने, दाराला आतून कडी लावून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डॉक्टरांनी "आज तारीख काय?" असं विचारलं. मी तारीख सांगितली आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही दाखवलं. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला आले होते, त्यांची नावं पुढे येतील.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर ते बनावट समजावं आणि दाखवणाऱ्याला पोलिसात द्यावं, मग तो नात्यातला का असेना.

हे लिहिण्याचं खरं कारण घर किंवा ठेव नाही. खरं कारण माझ्या वडिलांची लोखंडी पेटी आहे आणि ग्रामपंचायतीसमोरचा काळा दगड आहे. त्या दगडावर "या गावातून लढाईवर गेलेले" असं कोरलंय आणि खाली सहा नावं आहेत. माझे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. त्यांचं नाव त्यात नाही. का नाही, ते पाचव्या कलमात येईल. तोपर्यंत वाचणाऱ्याने धीर धरावा. पानं पुढे उलटून बघू नयेत, मला ती सवय आवडत नाही.

कलम १. घर. पुढच्या दोन खोल्या, ओटा आणि मोरी एवढं माझ्या नावावर आहे. मागचा भाग माझा भाऊ कै. शालिग्राम याचा, म्हणजे आता त्याचा मुलगा हितेंद्र याचा. माझा भागही मी हितेंद्रलाच देते. तो सुरतेला असतो. दर रविवारी फोन करतो, आधी तब्येत विचारतो आणि मग घराच्या उताऱ्यावर नाव कोणाचं लागलंय ते विचारतो. सरळ उतारा विचारला असता तर मला बरं वाटलं असतं. तब्येत आधी येते म्हणून पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटतं. तरी रक्त आपलं आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ. अट एकच. माझ्या तेराव्यापर्यंत त्याने घराचे फोटो काढून कोणाला पाठवू नयेत.

कलम २. बँकेतली ठेव. आकडा इथे लिहीत नाही, कारण हा कागद पुष्कळ हातांतून जाणार आहे. ती निम्मी हितेंद्रची मुलगी मयुरी हिच्या शिक्षणाला आणि निम्मी गावातल्या शाळेला द्यावी. शाळेने त्यातून मुलींच्या संडासाला पक्कं दार बसवावं. माझ्या नावाची पाटी बसवू नये. बसवलीच तर दाराच्या आतून बसवतील, मी ओळखते त्यांना.

कलम ३. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या, मापाची टेप आणि काजाचं सामान भूमिकाला. ही शेजारची मुलगी. माझ्याकडे सहा वर्षं शिकली आणि एकदाही सुई चोरली नाही. मी मोजत होते. मोठी कात्री कागदाला लावू नये. लावली तर मला वर कळेल.

कलम ४. जुनं भांडण. आमच्याकडे खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. त्याआधी रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू काढतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. मुलीला मूठ नसते, ते एक वेगळंच दुखणं. ते रोट सगळी भाऊबंदकी एकत्र बसून खाते, बाहेरच्याला देत नाही.

तर झालं असं. १९४३ च्या श्रावणात नाना पलटणीतून रजेवर घरी आले होते. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, मंगळवारी ते गेले. बुधवारी लाल टोप्यांचे दोन लष्करी शिपाई गावात आले आणि नानांना शोधू लागले. ते भेटले नानांचे चुलतभाऊ चुडामणबाबा यांना. झालं! त्या दिवसापासून चुडामणबाबांनी गावभर केलं की सुपडू पलटण सोडून पळालाय. पुढच्या वर्षी मुठी काढताना ते भाऊबंदांसमोर म्हणाले, "पळपुट्यानी मूठ कानबाईपुढे नको." माझी आजी धुरपाबाई उठली. तिने गव्हाची टोपली उचलली, आमचे रोट वेगळे केले, आणि तेव्हापासून एक्याऐंशी वर्षं दोन्ही घरांचे रोट वेगळे आहेत. नानांची मूठ काढताना मात्र आजी दर वर्षी रडायची. या भांडणातला माझा हिस्सा मी कोणाला द्यावा हे मला समजत नव्हतं. हितेंद्रला देणार होते. तो म्हणाला, "फुई, सुरतमध्ये कानबाई बसवायला जागाच नाही."

कलम ५. पेटी. नानांची पलटणीची लोखंडी पेटी, तिच्यात त्यांचे लष्करी कागद आणि बहुधा पदकं. माझ्या मृत्यूनंतर ही पेटी कोणीही न उघडता तापीत, पुलाच्या मधोमध, सोडावी.

आता कारण. चुडामणबाबांचा नातू योगराज हा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला. त्यानेच खटपट करून तो काळा दगड बसवला. नाव घालायचं तर पलटणीचा कागद हवा, असा त्याने नियम केला, कारण दुसऱ्या एका गावात म्हणे कोणीतरी सासऱ्याचं नाव उगाच घुसवलं होतं. तो माझ्याकडे चार वेळा कागद मागायला आला. मी चारही वेळा चहा दिला आणि कागद दिला नाही. ज्याच्या आजोबाने मूठ वगळली तो दगडावर नाव घालील? कागद नेईल, हरवला म्हणेल आणि वर मलाच सांत्वनाला येईल. दगडावर सहा नावांखाली एक ओळ आखून कोरी सोडलीय. मला खात्री होती की ती त्याने स्वतःसाठी ठेवलीय.

हे सगळं मी गावात सांगितलं आहे. जे सांगितलं नाही ते इथे लिहिते, कारण मृत्युपत्रात खोटं लिहिलं तर ते मेल्यावरही खोटंच राहतं.

पेटी मी योगराजपासून लपवत नव्हते. मी ती माझ्यापासून लपवत होते. १९९१ च्या चैत्रात नाना अंथरुणावर होते. मी त्यांचे पाय चेपत होते. मी त्यांना विचारलं, "नाना, बठ्ठं गाव म्हणस ते खरं का? तुम्ही पळी येल व्हतात का?" लहानपणापासून पोटात होतं ते त्या दिवशी बाहेर पडलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "पेटीमा शे. वाच." आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे सतरा दिवस जगले. माझ्या हातून पाणी प्यायचे, पण माझ्याशी बोलले नाहीत. मी सातवी शिकलेली, कागद इंग्रजीतले, मला वाचता येणार नव्हते. हे कारण मी स्वतःला चौतीस वर्षं सांगितलं. गावात इंग्रजी वाचणारे शंभर जण आहेत. भूमिकाच कॉलेजात इंग्रजी घेऊन बसलीय. पण वाचलं आणि "पळाला" असं निघालं तर? मग मी कोणाची मुलगी? जगाचा संशय घ्यायची मला हौस आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. बापाचाही घेतला, हे कोणाला माहीत नव्हतं.

(वरील कलम ५ पैकी तापीत सोडण्याचा मजकूर रद्द. सही: शेवंताबाई. कारण पुढे लिहिते.)

इथपर्यंत मी २ ऑगस्टला लिहिलं होतं. पुढचं ५ ऑगस्टपासून लिहिते आहे.

काल, सोमवारी, कानबाईचं विसर्जन करून योगराज ओल्या धोतरानेच माझ्या ओट्यावर आला. म्हणाला, पाथरवट वाल्मीक शुक्रवारी येतोय, कोरी ओळ भरायची नसेल तर तो ती घासून सारखी करील. मी म्हटलं, "मग घास की! माझी परवानगी कशाला?" तो खाली बसला. सगळ्या गावासारखा तो मला आजवर अक्का म्हणायचा. काल म्हणाला, "फुई, कागद ऱ्हाऊ दे. मी नाव कोराले सांगी देसू. जबाबदारी मनी."

फुई! देवऱ्यांच्या त्या घरातून मला आत्या कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या मनात पहिला विचार आला की हा एवढा गोड का बोलतोय. खरं ते लिहिते आहे. मी विचारलं, "आन नाना पळेल निंघनात तं?"

तो म्हणाला, "वर काय लिखेल शे? लढाईवर गयेल. कसा व्हता ते कोठे लिखेल शे? ती ओळ मी नानासाठेच सोडेल शे, फुई."

मी उठले, तुरीच्या डाळीच्या डब्यातून किल्ली काढली आणि त्याच्यासमोर टाकली. कुलूप गंजलेलं, त्याला घासलेट घालावं लागलं. आत दोन पदकं होती, खाकी कागदात गुंडाळलेली, एकदाही छातीला न लावलेली. एक खरारा होता, जनावराचं अंग घासायचा, दात झिजलेला. आणि कागद. योगराजने ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचलं आणि मला मराठीत सांगितलं. ते असं.

नाव सुपडू गणा. काम खच्चर हाकण्याचं. ३१ जुलै १९४३ ला रजा संपली. अकरा दिवस गैरहजर. ११ ऑगस्टला स्वतःहून हजर झाला. गैरहजेरीचं कारण विचारल्यावर सांगितलं, घरी देवीची पूजा होती, आईने जाऊ दिलं नाही. चौदा दिवस कोठडी. नंतर ब्रह्मदेशात दोन वर्षं. जनावरांची निगा उत्तम. वर्तन फार चांगलं.

योगराज हसायला लागला, आणि हसताहसता डोळे पुसायला लागला. "फुई, मी बी कानबाईसाठे रजा वाढायी व्हती! नऊ दिन. सायेबनी पाठवर वजन दिसन पंधरा दिन पळाडं." म्हणजे साहेबाने पाठीवर ओझं देऊन पळवलं. या आमच्या लोकांना सरकारची भीती वाटते, पण मूठ मापल्यावर रोट न खाता निघायची हिंमत होत नाही.

मला हसू आलं नाही. आजी दर वर्षी नानांची मूठ काढताना का रडायची, ते मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. तिनेच त्यांना थांबवलं होतं. आणि नानांनी आईचं नाव पुढे येऊ नये म्हणून जन्मभर पळपुटा म्हणवून घेतलं. चुडामणबाबाही खोटं बोलले नव्हते. लाल टोपीवाले खरंच आले होते. नाना त्यांच्याआधीच पलटणीच्या वाटेला लागले होते, एवढंच चुडामणबाबांना माहीत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी पेटी बंद ठेवून अंदाज बांधले, आणि मी सगळ्यात जास्त.

कलम ६. पेटी, पदकं, खरारा आणि सर्व कागद योगराजला. त्याने ते घरात कोंडून ठेवू नयेत. दर वर्षी गावात माजी सैनिकांचा सत्कार होतो, त्या दिवशी टेबलावर मांडावेत. टेबलाजवळ एक माणूस उभा ठेवावा. माझा योगराजवर विश्वास आहे. गावावर नाही.

कलम ७. सातव्या ओळीत एवढंच कोरावं: सुपडू गणा देवरे, खच्चर कंपनी. शूर, वीर, रणझुंजार असलं काही घालू नये. हातात बंदूक दिलेला फोटो कोणी फ्लेक्सवर छापला तर तो फाडायचा अधिकार मी भूमिकाला देते. त्यासाठी मोठी कात्री वापरली तरी चालेल.

कलम ८. भांडणाचा माझा हिस्सा मी कोणालाही देत नाही. रोट एकत्र करायचे की नाही ते पुरुषांनी ठरवावं. मला मूठ नाही, म्हणून मतही नाही. पण ठरवायला आणखी एक्याऐंशी वर्षं लावू नयेत.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी योगराजने करावी. हितेंद्रला राग येईल. येऊ द्यावा.

कलम १०. हे शेवटचं. पंधरा ऑगस्टला दगडासमोर नावं पुकारतात. नाव आलं की घरच्यांनी उभं राहून "हजर" म्हणायचं, अशी रीत योगराजने घातली आहे, मेलेल्यांच्या नावालाही. गेल्या वर्षी मी मागे उभी होते. सहा नावं झाली, सहा वेळा "हजर" ऐकलं आणि मी चपला शोधत घरी आले. येत्या शुक्रवारी सातवं नाव पुकारतील. मी जिवंत असले तर मीच उभी राहीन. त्याआधी काही झालं तर योगराजने उभं राहावं आणि लाजत पुटपुटू नये, मोठ्याने म्हणावं.

नाना अकरा दिवस गैरहजर राहिले आणि त्याची शिक्षा त्यांनी भोगली. तुम्ही "वाच" म्हणालात, नाना, आणि मी चौतीस वर्षं वाचलं नाही. मला कोणी कोठडीत टाकलं नाही. माझं चुकलं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली. त्यांनीही माझ्या डोळ्यांदेखत सह्या केल्या. या दोघांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही, म्हणूनच त्यांना बोलावलं.

सही: शेवंताबाई पुना निकुंभ

साक्षीदार १: वाल्मीक, पाथरवट, रा. चोपडा. (सातवी ओळ परवा कोरून झाली. मी बोट फिरवून बघितली, अक्षर बरोबर आहे.)

साक्षीदार २: सविता, अंगणवाडी सेविका, रा. कुंभारगव्हाण.

ठिकाण: कुंभारगव्हाण, ता. चोपडा, जि. जळगाव
दिनांक: १० ऑगस्ट २०२५, रविवार