उजव्या हाताने सुरुवात

ती. काका,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगातल्या आठ अंगांत गुडघेही धरतात म्हणे. माझ्या गुडघ्यांनी हल्ली नमस्कारातून अंग काढून घेतलंय, तेवढी सूट द्यावी.) तुमची प्रकृती उत्तम असणार. ताईने कळवलं की सकाळी दोन फेऱ्या मारून तुम्ही तिसरीला निघालात की ती चपला लपवते. म्हणजे काळजी तुमची नाही, ताईचीच करायला हवी. इकडे आम्ही खुशाल. बायकोचा रक्तदाब जरा वर आहे, त्याचं कारण मी आहे, आणि त्या कारणाचं कारण तुम्ही आहात. म्हणून हे पत्र.

झालं असं, की निवृत्त झाल्यापासून माझे हात मोकळे राहिले. औषधांच्या गोदामात चौतीस वर्षं खोकी मोजली तेव्हा हातांना काम होतं. घरी आल्यावर ते जिथे जागा मिळेल तिथे वाजू लागले: टेबलावर, कपाटावर, कुकरच्या झाकणावर. एकदा आमचे व्याही बोलत असताना मी त्यांच्या गुडघ्यावर चार मात्रा वाजवून मोकळा झालो. (त्यांनी गुडघा हलवला नाही. माणूस सज्जन आहे.) त्या दिवशी बायको म्हणाली, "एकतर हात आवरा, नाहीतर कुठेतरी जाऊन नीट शिका." पस्तीस वर्षांच्या संसारात तिचा हा पहिला सल्ला मी त्याच आठवड्यात ऐकला. बाजाराच्या मागे एका लाँड्रीच्या वर ड्रमचा क्लास चालतो, तिथे नाव घातलं. शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची. विद्यार्थी अकरा, त्यांपैकी पाच पोरांच्या वयांची बेरीज माझ्याएवढी होत नसली तरी मला गाठायच्या बेतात आहे.

क्लासला जाताना मी ताठ मानेने गेलो, हे तुम्हाला सांगायला हवं. मला वाटलं, आपल्याला सगळं येतंच. पोटाखाली तारा ताणलेला, झर्र करणारा, तुम्ही वाजवायचात तोच साइड ड्रम, त्याच दोन काड्या. पहिल्याच दिवशी बाईंनी (मी तिला बाईच म्हणतो, वय गेलं चुलीत) दोन-दोन ठोक्यांचा धडा घेतला. उजव्या हाताचे दोन, डाव्याचे दोन, आधी सावकाश, मग जलद, मग इतकं जलद की ठोके वेगळे ऐकूच येऊ नयेत. त्या म्हणाल्या, "म्हणा माझ्याबरोबर, मम्मी-डॅडी, मम्मी-डॅडी." सगळी पोरं मम्मी-डॅडी करू लागली आणि त्यात एकच घोगरा आवाज खणखणीतपणे म्हणाला, "पाणी-टाकी, पाणी-टाकी." वर्ग हसून लोटपोट झाला. बाईंनी विचारलं, हे कुठलं? मी म्हटलं, आमच्या काकांचं. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होते आणि तिथल्या कामगारांच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे, त्यांना पाण्याशिवाय दुसरं काय सुचणार! पोरं पुन्हा हसली, मीही हसलो. मग बाई सहज म्हणाल्या, "अहो, जुन्या बँडमध्येसुद्धा आई-बाबाच म्हणायचे. माझ्या गुरुजींनीही तसंच शिकवलं." त्यानंतर अर्धा तास मी काय वाजवलं ते मला आठवत नाही.

काका, मी नऊ वर्षांचा होतो. आई अकरा महिने छातीच्या इस्पितळात, बाबा ट्रक घेऊन मुलूखभर, आणि मी एका पत्र्याच्या पेटीसकट तुमच्या दारात. आल्यापासून मी बोलेनासा झालो होतो. काकू जेवायला हाक मारायची तर मी यायचो, जेवायचो, उठायचो. तोंडातून शब्द नाही. तुम्ही मला मुकादम म्हणू लागलात. 'मुका आहे पण दम आहे', असं तुम्ही सगळ्यांना समजावून सांगायचात. (पंपघरातला खरा मुकादम एकदा घरी आला, तुम्ही "ये मुकादम" म्हणालात आणि आम्ही दोघेही आत आलो, ते आठवतं का?) एका दुपारी तुम्ही मोडक्या खुर्चीच्या दोन दांड्या तासल्यात, स्टुलावर सायकलची ट्यूब फाडून ताणून बसवलीत, आणि मागच्या ओट्यावर माझ्यासमोर मांडी घालून बसलात. "काडी आवळायची नाही. चिमणी धरल्यासारखी धरायची. उडून जाता कामा नये, आणि मरताही कामा नये." मग म्हणालात, "आता म्हण, आ..." आणि थांबलात. मला ते थांबणं स्पष्ट आठवतं, कारण मला वाटलं होतं तुम्हाला ठसका लागला. काकूनेही आतून पाण्याचा तांब्या आणला. तुम्ही घोटभर प्यालात, तांब्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "म्हण, पाणी-टाकी."

तो ठसका नव्हता हे कळायला मला बावन्न वर्षं आणि लाँड्रीवरचा क्लास लागला.

असो. (हा 'असो' मी दहा मिनिटांनी लिहितोय. मधे चष्मा पुसून आलो.) खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या महिन्यात बाईंनी आठ ठोक्यांचा तो नामांकित धडा घेतला: उ-डा-उ-उ, डा-उ-डा-डा. पोरं हे मंत्रासारखं ओरडतात. मीही ओरडलो आणि वाजवलं, एक ठोका चुकला नाही. मनात म्हटलं, आता बघा मुकादमाचा दम! बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमचा उजवा हात कुठला?" मी डावा वर केला.

काका, देवाशपथ, मी डावा वर केला. जेवताना, सही करताना, नमस्कार करताना मला उजवा हात बरोबर सापडतो. हातात काड्या आल्या की उजवा म्हणजे डावा. तुम्ही समोर बसून शिकवलंत, तुमचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर होता, आणि मी आरशात बघितल्यासारखं सगळं उचललं. शंका म्हणून कशी आली नाही, असं बायको विचारते. नवव्या वर्षी मला सगळंच उलटं झालेलं दिसत होतं, त्यात हात कोण मोजतो! तर बाई म्हणाल्या, "हरकत नाही, पण रांगेत सगळ्यांच्या काड्या एकाच बाजूने वर जायला हव्यात. बदलून बघूया." मी पंधरा दिवस बदलून पाहिलं. ड्रमवर उजवा नीट लागेना, तो लागेना तोवर शर्टाची बटणंही लागेनाशी झाली. चहात साखर ढवळायला गेलो तर चमचा बशीत फिरत होता. तालमीला रांगेत उभा राहिलो आणि माझी काडी शेजारणीच्या काडीवर अशी आदळली की हातातून सुटून खिडकीबाहेर गेली ती थेट खालच्या लाँड्रीच्या खळीच्या बादलीत. लाँड्रीवाला काडी घेऊन वर आला. "तुमचीच ना? खळ चढलीय. इस्त्री करून देऊ का?" क्लासमध्ये आतापर्यंतचा सर्वांत मोठा हशा याच वाक्याला मिळाला आहे, आणि लाँड्रीवाला हल्ली तो पुन्हा मिळवायला दर बुधवारी काहीतरी निमित्त काढून वर येतो.

तुमच्यावर मी रागावलो होतो, हे कबूल करतो. इतका जाणता माणूस, आणि पोराचे हात उलटे चालले आहेत हे दिसू नये? त्याच रागात तुमच्या लेकीला, ताईला, फोन केला. ती त्या वेळी बारा वर्षांची होती, ओट्याच्या पायरीवर बसून आपल्याला ऐकायची. ती म्हणाली, "अरे, बाबांना दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. आईच म्हणाली, हा उलटं वाजवतोय, सांगा त्याला. तर बाबा म्हणाले, वाजवतोय ना? पोरगं काल पहिल्यांदा हसलं, आज त्याला चुकलास म्हणू?" आणि तिने मला तुमच्या अल्बममधला एक फोटो पाठवला.

पंपघराच्या वर्धापनदिनाचं संचलन. सात ड्रमवाले एका रांगेत. मी टोकाला, काकूने कापून शिवलेल्या तुमच्या जुन्या कोटात, टोपी भुवयांवर. पाचजणांच्या उजव्या काड्या वर आहेत. माझी डावी. आणि माझ्या शेजारी तुम्ही, ताठ, समोर बघत, आणि काका, तुमचीसुद्धा डावी. मी भिंग घेऊन पाहिलं. फोटो उलटा छापलाय की काय म्हणून मागच्या पाटीवरची अक्षरंही वाचून काढली. अक्षरं सुलटी आहेत. ताई सांगते, एकट्या पोराची काडी उलटी दिसली तर बँडमास्तर त्याला रांगेबाहेर काढील, म्हणून तुम्ही तीन आठवडे पंपघरात डबा खायच्या सुट्टीत उलटं वाजवायला शिकत होतात. फोरमनने हाताला लागलंय का विचारलं. बँडमास्तरांना तुम्ही सांगितलंत की टोकाची जोडी उलटी असली की रांग शोभून दिसते. हे त्यांना पटलं, यावरून त्यांची समज कळते. पण तुम्ही हे बावन्न वर्षं कोणाला बोलला नाहीत, यावरून मला काय कळायचं ते कळलं. संचलनाच्या दिवशी संध्याकाळी मी काकूला स्वतःहून म्हणालो होतो, "अजून एक पोळी." पाणी-टाकी सोडलं तर माझा तो त्या घरातला पहिला शब्द. तुम्ही मान वर केली नाहीत, फक्त ताटाच्या कडेवर बोटांनी वाजवलंत.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन क्लासला गेलो आणि बाईंना स्वच्छ सांगितलं, मी हात बदलणार नाही. त्या फोटो बराच वेळ बघत बसल्या. "हे कोण?" मी म्हटलं, माझे गुरुजी. (तोंडावर कधी म्हटलं नाही, आता लिहून टाकलं.) बाईंनी मला रांगेच्या टोकाला जागा दिली. मग पोरं गेल्यावर त्यांनी स्वतः काड्या घेतल्या आणि डाव्याने सुरुवात करून तो धडा वाजवून पाहिला. तिसऱ्या ठोक्याला गडबडल्या. पुन्हा केला, पुन्हा गडबडल्या. म्हणाल्या, "तीन आठवड्यांत जमवलं त्यांनी? नोकरी सांभाळून?"

ताईला आशीर्वाद (चुकलो, ती मोठी, तिचेच मागतो), बच्चेकंपनीला पापा. पत्राचं उत्तर द्यायची घाई नाही.

तुमचा,
मुकादम

ता. क. १ : उत्तराची घाई नाही, पण येण्याची आहे. येत्या रविवारी चार वाजता क्लासचा कार्यक्रम आहे. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची धरली आहे. ताई घेऊन येईल. तिला विचारू नका, तिने आधीच हो म्हटलंय.

ता. क. २ : आता खरं सांगतो. हे एवढं पुराण ताईच्या सांगण्यावरून लिहिलं. कानाचं मशीन आणल्यापासून तुम्ही ते कपाटात ठेवलंय आणि "ऐकण्यासारखं आता उरलंय काय" असं तिला म्हणता. तर मी उरलोय. मशीन घालून या.

ता. क. ३ : घातलं नाहीत तर मला मंचावरून कळेल. माझा रोल, म्हणजे ती जलद पाणी-टाकी, अजून कच्चा आहे. तो सुरू झाल्यावर सगळं सभागृह तोंड वाकडं करेल. त्यात एकटे तुम्ही कौतुकाने हसत बसलात, तर मी समजेन, मशीन कपाटातच आहे.