पारदर्शक की पांढरी

४ नोव्हेंबर

वहिनींचा फोन. तीस तारखेला जिराफला जाऊन वर्ष होतंय. आपला नेहमीचा हॉल मिळालाय, सगळी जुनी मंडळी गाणार. "तुम्ही वाजवायचं, भाऊजी. आणि त्याच ड्रमवर हं! भाड्याचे आणाल तर मी येणारच नाही."

हो म्हणून बसलो. ही जीभ कधी माझं ऐकेल तर शपथ!

५ नोव्हेंबर

ड्रम बाहेर काढले. अकरा महिने कोपऱ्यात चादरीखाली होते. पाचही पिंपं स्टीलची, माझ्याहून वयाने मोठी. कुठल्याशा जहाजावर वाजायची. जहाज भंगारात गेलं तेव्हा मी आणि जिराफ जाऊन उचलून आणली. तो गायचा, मी बडवायचो. बावीस वर्षं! जिराफ हे नाव मीच ठेवलं होतं. मान ही एवढी. पुढे पुढे वहिनीसुद्धा त्याला घरात जिराफच म्हणायच्या.

ताई दारात उभी. "मला वाटलं आता त्यात धान्य भरायचं." स्वतःच हसली. मी हसलो नाही म्हटल्यावर चहा टाकायला गेली. बिचारी सकाळपासून मला हसवायला बघतेय.

चार ड्रमची पानं, म्हणजे ज्यावर काठी पडते ते वरचे ताणलेले पडदे, कामातून गेलीत. एक फाटलंय, बाकीची मधोमध खोल झालीत. नवी घालावी लागणार. पाचवा, तीन पायांवर उभा राहतो तो फ्लोअर टॉम, चादरीतच ठेवला.

६ नोव्हेंबर

आजही नाही काढला.

८ नोव्हेंबर

काढला. खड्डा आहे तिथेच आहे. असणारच, जाणार कुठे! वाटीएवढा, गोल, गुळगुळीत. पानाच्या चिंध्या अजून कड्याला लटकतायत.

लिहून टाकतो. इथे कोण वाचतंय?

दुपारचे तीन. लख्ख उजेड, कोरडा रस्ता. व्हॅन मी चालवत होतो, जिराफ शेजारी. पुढच्या ट्रकने मधेच ब्रेक मारला, मागचे दिवेसुद्धा लागले नाहीत. धडकलो. सगळे म्हणाले, तुझी काय चूक? पोलिसांनीही तसंच लिहिलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार. जो तो धरून चालला की जिराफ पुढे काचेवर आपटला.

नाही आपटला. बेल्ट लावलेला होता त्याने. फ्लोअर टॉम मागून आला. स्टीलचा. जिराफचं डोकं सीटच्या वर निघायचं, त्यावरून आम्ही सगळे इतकी वर्षं हसत आलो. मी शुद्धीवर होतो. लोक धावत यायच्या आत मी तो ड्रम मागे ढकलला. का ढकलला, माहीत नाही. खोटं! चांगलं माहीत आहे.

तो ड्रम पट्ट्याने व्हॅनच्या कडीला बांधायचा, मग इंजिन चालू करायचं. कधी म्हणजे कधी चुकलो नाही. त्या दिवशी पट्टा जागेवर नव्हता. शोधला दोन मिनिटं. जिराफ हॉर्न वाजवायला लागला. मी म्हटलं, जाऊ दे, वीस मिनिटांचा तर रस्ता. मी म्हटलं. सीटखाली दोरी होती. दोरी होती!

११ नोव्हेंबर

वाद्यांच्या दुकानात गेलो, फ्लोअर टॉम घेऊन. म्हातारा मालक खूश. "हा अजून जिवंत आहे?" म्हणाला. ड्रमबद्दल म्हणाला.

त्याची पद्धत ठरलेली. काचेच्या सपाट तुकड्यावर पिंप पालथं घालतो, आत दिवा सोडतो, आणि कडेखालून कुठे उजेड फुटतो ते वाकून बघतो. एका जागी फुटला. खड्ड्याच्या बरोबर रेषेत.

"गोलाई गेलीय. पातळ पारदर्शक पान घालशील तर सुरकुती राहणार. शिवाय स्टील मुळातच किंचाळतं. पांढरं दुहेरी घाल. आवाज दबतो आणि आतलं काही दिसतही नाही."

मग अंगठा फिरवला त्यावरून. "कशाने झालं हे?"

"जिन्यावरून पडला."

"पायरीचा मार असा नसतो. पायरी धार सोडते." चष्म्यावरून बघत राहिला. मग म्हणाला, लाकडी हातोडीने ठोकून काढून देतो, अर्ध्या तासाचं काम.

मी एवढ्या जोराने "नको!" म्हणालो की गिटार बघणारी एक मुलगी मागे वळली. हातोडी! त्या जागेवर!

पांढरी दुहेरी ठरली. बरं झालं.

१४ नोव्हेंबर

कसलं बरं झालं! वहिनी म्हणाल्या, मीही येते दुकानात. आल्या. दोन्ही पानं दाराशी नेऊन उजेडात धरली, टिचकी मारून ऐकली, कांदे-बटाटे निवडतात तशी.

"ही. आरपारची."

मी सुरकुती सांगितली, किंचाळणं सांगितलं. म्हातारा काउंटर पुसत राहिला.

"ते म्हणायचे ना, आतून बल्ब लावू, स्टीलच्या पोटात उजेड खेळेल. तुम्ही कायम टाळलंत. आता तरी करा की, भाऊजी. त्यांच्यासाठी."

पाचही पारदर्शक घेतली.

१५ नोव्हेंबर

बाहेरचा खड्डा मी माझ्याकडे वळवून बसेन, कुणाला दिसणार नाही. पण आत तो फुगवटा होऊन येतो. आरपारचं पान, खाली बल्ब, आणि वहिनी पहिल्या रांगेत. विचारतीलच, हे काय हो? तेव्हा काय सांगू, जिना?

१८ नोव्हेंबर

चार ड्रम छान लागले. फ्लोअर टॉमवर सुरकुती. चावीने एकेक बोल्ट पाव फेरा पिळत बसलो, समोरासमोरचे, सकाळी नऊपासून. एका बाजूची गेली की दुसरीकडे उठते. बल्ब लावून बघितला. त्या नालायक जिराफचं बरोबर होतं, सुंदर दिसतं! सगळ्या पोटात उजेड, आणि मधे तो फुगवटा.

बसून रडलो. ताई दारापर्यंत येऊन परत गेली. पावलं ऐकली मी.

१९ नोव्हेंबर

ठरलं. सांगायचं. कार्यक्रमाच्या आधी, तोंडावर. पट्टा नव्हता, दोरी होती, मी बांधला नाही, वर लपवलं. शिव्या देतील, दार लावून घेतील. घेऊ देत. एक वर्ष त्या मला "तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले" म्हणतायत. ते आता ऐकवत नाही.

२३ नोव्हेंबर

त्यांच्याकडे गेलो. व्हॅन असायची ती जागा दारात अजून रिकामी. वाक्य पाठ करून गेलो होतो. त्यांनी गाण्यांची यादी वाचून दाखवली, जिराफचा कोट दाखवला, म्हणाल्या, हा माइकच्या दांड्याला अडकवू. मी म्हटलं, हो, छान दिसेल. चहा पिऊन परत. शेळपट कुठला!

उतरताना त्या म्हणाल्या, "मलाही तुमच्याशी एक बोलायचं होतं. राहू दे, सावकाश." मी थांबलो नाही.

२६ नोव्हेंबर

फोन केला. "उद्या इकडे या. ड्रम दाखवायचाय, आणि एक सांगायचंय." त्यांनी किती वाजता ते विचारलं. मग, "येते."

ताईला उद्या सकाळीच मावशीकडे जा म्हटलं. तिने कारण विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर

आल्या. मी चादरीला हात घालतोय तोवर त्यांनी पिशवीतून पट्टा काढून टेबलावर ठेवला. निळा. आपलाच.

"आदल्या दिवशी आईकडे गादी न्यायची होती. बांधायला मी काढला व्हॅनमधून. परत ठेवायचा विसरले. वर्षभर विचारीन म्हणते, तोंडच उघडत नाही. भाऊजी, माझ्या गळ्याची शपथ, खरं सांगा. याच्यामुळे तर काही झालं नाही ना?"

"छे हो!" म्हणालो. "दुसरा होता की. मीच बांधला होता, घट्ट."

ओक्साबोक्शी रडल्या. मग हसल्या, चहा मागितला, दोन कप प्यायल्या. मला काय सांगायचं होतं, ते विचारायचं विसरल्या. चादर मी काढली नाही.

त्या गेल्यावर दुकानात जाऊन आलो. पांढरी, दुहेरी, पाचही. म्हाताऱ्याने बांधून दिली. वहिनींना सांगेन, आरपारची टिकली नाहीत.